धोका शून्य

मोठ्या डिग्रीचा माणूस आणि रिकामी घागर, दोन्ही वाजतात फार. इचलकरंजीच्या कॉलेजातले डॉक्टर हर्डीकर तसलेच.

कॉलेजात संशोधन तपासायची समिती होती. तिला नियमानं बाहेरचं एक साधं माणूस लागतं, म्हणून यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या अक्काताई लोखंडेला बसवलेलं. तिथं तिची किंमत चहापुरतीच.

हर्डीकरांना मागावरच्या बायकांना मोबाइलवर प्रश्न पाठवायचे होते. नवरा मारतो का? कितीदा? समितीच्या अर्जात, बायकांना असलेल्या धोक्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलेलं, ‘शून्य’.

“शून्य कसा वो, सर?” अक्काताईनं विचारलं.

“बाई, आम्ही नाव विचारत नाही. घरी बसून आपापल्या फोनवर उत्तर द्यायचं. तुम्हाला नाही कळायचं.”

“मग तुमचा फोन कुलूप काढून द्या. दोन दिवस तुमच्या बाईसाहेबांकडं ठेवते.”

डॉक्टरांचा हात गपकन खिशावर गेला. “अहो, फोन खासगी असतो!”

“तुमचा असतो. आमच्यात बायकोचा फोन आधी नवरा चाळतो. तुम्हाला ‘हो’ म्हणणारी त्याच दिवशी पुन्हा मार खाईल.”

डॉक्टरांनी गुमान शून्य खोडलं. “मग विचारायचं तरी कुठं?”

“मागाच्या खडखडाटात, बाईनं बाईच्या कानाला लागून. तिथं नवरा सोडा, देवालाबी ऐकू जात नाही.”