प्रधानजींचा खडा

फार पूर्वी एका रुंद नदीच्या अलीकडे एका राणीचं राज्य होतं आणि पलीकडे एका राजाचं. दोघांची मैत्री नव्हती, तसं वैरही नव्हतं. नावा तेवढ्या रोज ये-जा करायच्या.

राणीच्या दरबारात एक जुनी चाल होती. सल्ला देणाऱ्यापुढे रिकामं ताम्हन ठेवायचे आणि शेजारी नदीतल्या खड्यांची वाटी. या प्रश्नातलं आपल्याला काय काय ठाऊक नाही ते त्याने आधी सांगायचं आणि दर गोष्टीला एक खडा ताम्हनात टाकायचा. सल्ला त्यानंतर.

म्हातारे प्रधान चाळीस वर्षं हे करत आले होते. आता गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून त्यांनी हाताखाली धरणीधर नावाचा एक पंडित घेतला. दोन्ही राज्यांचे शंभर वर्षांचे तह त्याला तोंडपाठ होते. खड्यांची चाल मात्र त्याच्या काही पचनी पडेना. इतकी वर्षं अभ्यासात घालवायची आणि मग चारचौघांत आपलं अज्ञान मोजून दाखवायचं, हे त्याला जरा गावंढळच वाटे.

एकदा राणीचे अकरा नावाडी पलीकडे गेले ते परतलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी राजाचा दूत पत्र घेऊन आला. पत्रात दोनच ओळी होत्या. 'तुमचे नावाडी आम्ही ठेवून घेतले आहेत. त्यांना मागू नका आणि महिनाभर आमच्या घाटाला नाव लावू नका. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवावा.'

दरबार खवळला. दूताला गूळपाणी देऊन पडवीत बसवलं होतं आणि अंगणात नावाड्यांच्या बायका सकाळपासून उभ्या होत्या. राणीने विचारलं, "पंडित, काय करावं?"

पंडित उठला. ताम्हनाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "राणीसाहेब, त्यांच्या घाटाकडच्या गावाला पाणी जातं ते नदीवरच्या आपल्या बांधाच्या पाटातून. त्या पाटाचं दार आज खाली पाडून पाणी बंद करा. तहाच्या सातव्या कलमात तसा हक्क आहे. चार दिवसांत राजा नाक घासत नावाडी परत आणून देईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेनापती तर खुशीत मांडीवर थाप मारून मोकळे झाले. राणीने शिक्क्याकडे हात नेला, तेवढ्यात म्हातारे प्रधान गुडघ्यावर हात टेकून उठले, हळूहळू पुढे आले आणि आपल्या कमरेच्या बटव्यातून एक गुळगुळीत खडा काढून त्यांनी त्या रिकाम्या ताम्हनात टाकला. तो टणकन वाजला.

"हा माझा," प्रधान म्हणाले. "राजाने नावाडी का ठेवून घेतले, ते मला ठाऊक नाही."

सेनापती हसले. "प्रधानजी थकले आता. पंडित, तुम्हाला ठाऊक असेलच. सांगून टाका त्यांना."

पंडिताने ताम्हनातल्या त्या एकट्या खड्याकडे पाहिलं. 'राजाला माज आलाय' एवढं म्हटलं असतं तरी दरबाराने टाळ्या वाजवल्या असत्या आणि म्हाताऱ्याचं हसं झालं असतं. पण प्रधानांनी तर अज्ञान आपल्या अंगावर घेतलं होतं, त्याच्या अंगावर ढकललं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

"राणीसाहेब, हा खडा माझा आहे," तो म्हणाला. "का ठेवलंय, मलाही ठाऊक नाही." मग त्याने वाटीतला एक खडा घेतला. "ते कसे आहेत, ठाऊक नाही." आणखी एक. "पाटाचं पाणी बंद झालं तर पहिलं तहानेलं कोण राहील, तेही मी विचारलं नाही. मला दूताशी बोलू द्या."

पडवीत जाऊन तो दूताशेजारी बसला आणि त्याने सरळ विचारलं, "आमची माणसं का ठेवलीत हो?"

दूताने एक लांब श्वास सोडला. "मला कारण सांगायचा हुकूम नाही. पण विचारलं तर खोटं बोलायचाही हुकूम नाही. सकाळपासून वाट बघतोय कोणी विचारतंय का. घाटाकडच्या गावात पटकीची साथ आहे. तुमच्यातले तिघं अंथरुणाला खिळलेत. आजार तुमच्याकडे येऊ नये म्हणून सगळ्यांनाच थांबवलंय. राज्य दुबळं झालंय हे बाहेर कळलं तर दुसरे शेजारी चालून येतील, म्हणून महाराजांनी कारण लिहिलं नाही."

"आणि पाणी?"

"विहिरी नासल्यात. सारं गाव पाटाच्या पाण्यावर जगतंय. तुमचे नावाडीसुद्धा."

पंडित ताडकन उठला. तो तसाच आत गेला आणि त्याने राणीच्या कानात सारं सांगितलं. राणीने पाटाचं दार आणखी वर उचलायला लावलं. पत्राला होकार दिला आणि दूताबरोबर दोन वैद्य धाडले, कारणाचा कुठे गवगवा न करता. बायकांना तिने स्वतः आत बोलावून धीर दिला.

महिन्याभराने अकराच्या अकरा नावाडी घरी आले. हडकले होते, पण आले.

त्या दिवशी पंडित प्रधानांच्या घरी गेला आणि त्यांच्या पाया पडला. "प्रधानजी, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अकरा जीव माझ्या हातून गेले असते. पण खरं सांगा, तुम्हाला कारण ठाऊक होतं ना?"

"ठाऊक असतं तर सल्ला दिला असता, खडा कशाला टाकला असता?" म्हातारे हसले. "आणि हो, तो माझा खडा तेवढा परत करा. मला अजून लागतो."

"तो नाही देणार," पंडित म्हणाला. "तुम्हाला दुसरा आणून देतो."

तो घाटावर गेला. अंथरुणातून नुकताच उठलेला एक नावाडी आपली नाव धूत होता. पंडिताने त्याच्याकडे एक चांगलासा खडा मागितला.

"कशाला हवाय, पंडितजी?"

"प्रधानजींना द्यायचाय."

नावाड्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो गुडघाभर पाण्यात वाकला, त्याने पाच-सहा खडे हातात घेऊन पाहिले, त्यातला सगळ्यात गुळगुळीत निवडला आणि धोतराला पुसून पंडिताच्या हातावर ठेवला. पंडिताने त्यालाच हात जोडले.

तात्पर्य: आपल्याला काय ठाऊक नाही हे जो आधी सांगतो, त्याच्याच सल्ल्याने माणसं घरी परत येतात, आणि ते सांगायला जो आपल्याला शिकवतो, त्याचे उपकार फिटत नाहीत.