स्वस्तात पडलेली साथ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. तिथल्या राजाचं नाव ठाऊक असतं, तरी मी ते तोंडाने घेतलं नसतं.

त्या राज्यात नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्ही गावांत राजाच्या खर्चाने चालणारी एकेक आरोग्यशाळा होती. एका वर्षी खोकल्याची मोठी साथ आली. घराघरांत माणसं तापाने फणफणली आणि श्वासाला महाग झाली.

अलीकडच्या गावातली आरोग्यशाळा एक वैद्यबाई सांभाळत असे. तिने दार सताड उघडं ठेवलं. खाटा संपल्या तेव्हा ओसरीवर गवत पसरून त्यावर रोगी निजवले. पेज भरवायला, कण्हणाऱ्यांना कुशीवर वळवायला गावातल्या बायका रोजावर घेतल्या. काढ्यासाठी लाकूड, पेजेसाठी तांदूळ, जाळून टाकलेल्या अंथरुणांच्या जागी नवी अंथरुणं, असं सगळं सरकारी कोठारातून आलं. काही माणसं दगावलीच, पण बरीचशी वाचली.

पलीकडच्या आरोग्यशाळेचा अधिकारी मात्र शहाणा. त्याने पहिल्याच दिवशी दाराला अडसर घातला. आत साथ शिरली तर राजाची वास्तू बिघडेल, असं त्याने आतूनच ओरडून सांगितलं. माणसं पायरीवर बसून वाट पाहत राहिली आणि पायरीवरच मेली. त्याला शहाणा म्हणताना माझी जीभ कडू होते. पण दरबाराने त्याला शहाणाच म्हटलं, ते कसं ते ऐका.

साथ ओसरल्यावर राजाच्या मनात आलं, की असा आजार पुन्हा आलाच, तर आरोग्यशाळांसाठी किती धन आणि किती धान्य बाजूला काढावं लागेल याचा अंदाज घ्यावा. विचार चांगला होता. काम मात्र त्याने प्रधानाकडे सोपवलं. प्रधानाला बेरीज-वजाबाकी उत्तम येत होती, आणि तेवढीच येत होती.

प्रधान आधी अलीकडच्या गावात आला. वाचलेली माणसं अंगणात जमली. आता जिवंत माणूस म्हटला की तो कुरकुर करणारच. एक कोष्टी म्हणाला, पेजेत मीठ कमी असायचं. एका म्हातारीला गवत टोचलं होतं. कोष्ट्याची धाप तर अजून गेली नव्हती. त्याला रोज काढा लागत होता आणि मागावर जेमतेम अर्धा दिवस बसवत होतं. प्रधानाने कोठारात डोकावून पाहिलं, तर तळ दिसत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मग तो पलीकडे गेला. तिथे अंगण झाडून लख्ख केलेलं, कोठार काठोकाठ भरलेलं. गाऱ्हाणं सांगायला एक माणूस आला नाही. येणार कुठून? ज्यांनी सांगायचं ते सगळे मातीखाली होते. प्रधान खूश झाला.

दरबारात त्याने सांगितलं, की साथीला खर्च लागतोच असं नाही. तो वैद्यांच्या उधळेपणामुळे होतो. पुराव्याला त्याने पलीकडचं गाव दाखवलं. राजाने तिथल्या अधिकाऱ्याला शेला दिला आणि वैद्यबाईची आरोग्यशाळा बंद करायचा विचार बोलून दाखवला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते असं.

वैद्यबाई कोष्ट्याला सोबत घेऊन दरबारात उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"महाराज, प्रधानजींनी या कोष्ट्याला वाचवायला काय लागलं ते सांगितलं. तो गेला असता तर राज्याचं काय गेलं असतं, ते कुठे सांगितलं? अर्धा दिवस का होईना, त्याचा माग चालतोय. पलीकडे जा आणि किती घरांत चूल पेटत नाही ते बघा."

प्रधान हसला. "बाई, मेलेल्याला ना पेज लागते ना काढा. राज्य हिशेबावर चालतं, कळवळ्यावर नाही."

"मीही हिशेबच करा म्हणते," ती म्हणाली. "पण पुरा करा."

राजाला तिचं म्हणणं क्षणभर पटलं. पण वाचणाऱ्या धनाचा आकडा फार गोड होता. त्याने हुकूम काढला, की पुढच्या साथीत पलीकडच्या गावात झाला तेवढाच खर्च सगळीकडे व्हावा. अलीकडची आरोग्यशाळा ओस पडली. पेज भरवायला शिकलेल्या बायका पोटासाठी दुसऱ्या मुलखात गेल्या.

आणि साथ परत आली. ती काय राजाचा हुकूम वाचून येते? कोष्ट्याची बायको त्याला खांद्याचा आधार देत आरोग्यशाळेपर्यंत घेऊन आली आणि दार बडवत राहिली. आत कुणी नव्हतंच, तर उघडणार कोण? तो तिच्या मांडीवर गेला. वैद्यबाई पदरच्या औषधांवर घरोघर फिरली. एकटीच्या हातांनी किती घरं होणार? शेवटी तीही आडवी झाली, ती उठली नाही. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो कधी ओसरू नये असंच मला वाटतं.

सुगीचे दिवस आले. राजा आपल्या वाट्याच्या धान्याची वाट पाहत होता, पण एकही गाडी आली नाही. तो स्वतः प्रधानाला घेऊन निघाला. शेतांत ज्वारी कापणीवाचून उभी होती आणि पाखरं ती खुशाल खात होती, कारण त्यांना हाकलायला माळ्यावर कुणी नव्हतं. दोन्ही गावांतून फिरून त्याला एक जिवंत माणूस दिसला नाही. त्याचा घसा कोरडा पडला, तर घोटभर पाणी द्यायलाही कुणी पुढे झालं नाही.

राजाने घाबऱ्या आवाजात विचारलं, "प्रधानजी, या साथीचा आपल्याला खर्च किती आला?"

प्रधान या प्रश्नाची केव्हाची वाट पाहत होता. तो अभिमानाने म्हणाला, "काहीच नाही, महाराज."

लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: आजाऱ्यांवर काय खर्चलं एवढंच जो मोजतो, तो त्यांना वाऱ्यावर सोडल्याची किंमत सारं राज्य देऊन फेडतो.