बोल्टाची निष्ठा

हत्यारे माणसांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळची ही गोष्ट. मल्हारबुवा पखवाजी आपल्या मोटारसायकलचे तेल घरीच बदलत होते. संध्याकाळी त्यांना तीन कोसांवरच्या गावी भजनाला जायचे होते.

जुने तेल निथळले. बुवांनी इंजिनाच्या तळाचा बोल्ट तांब्याच्या वायसरसकट बोटांनी बसवला. मग धाकट्या पान्याने तो वायसरला टेकेपर्यंत फिरवला, वर पाव फेरा दिला आणि म्हटले, “बुवा, पुरे.”

बोल्ट रागावला. “माझी निष्ठा पाव फेऱ्याची? थोरल्या दादांना बोलवा!”

लांब दांड्याचा थोरला पाना वाटच पाहत होता. “भक्त असावा तर असा!” म्हणत तो बोल्टाला भिडला.

तांब्याचा वायसर कळवळला, “बुवा, पखवाजाची वादी तरी अशी ओढता का हो?”

“ती कातड्याची, हा लोखंडाचा,” म्हणत बुवा दांड्याला लोंबकळले.

कट्कन आवाज झाला आणि बोल्ट गरगर फिरू लागला. “पाहिलेत? अजून आत चाललोय!” इंजिनाच्या मऊ धातूतले आटे सोलून निघाले होते, याचा त्या बापड्याला पत्ताच नव्हता. बुवांनी वरून नवे तेल ओतले. ते सगळे खालून अंगणात आले.

बुवा पखवाज पाठीला बांधून पायीच निघाले आणि भजन अर्धे झाल्यावर पोहोचले. त्यांनी वादी ओढली, स्वर लागला, हात थांबला.

“आणखी थोडी ओढा की, बुवा,” शेजारचा टाळकरी म्हणाला.

“नको रे बाबा,” बुवा म्हणाले, “मी आज चालत आलोय.”