वीतभर मिरची

"व्याही, ही मिरची आहे की काकडी?"

भर पंगतीत उदाजीरावांनी विचारलं आणि देवखिंडीचा राजा रायाजीराव याचा घास हातातच राहिला. उदाजीराव म्हणजे राजाच्या सुनेचे वडील. लेकीच्या सासरी ते पहिल्यांदाच पाहुणे आले होते. राजाने मोठ्या हौसेने आपल्या बागेतली मिरची त्यांच्या ताटात वाढायला लावली होती. वीतभर लांब, सरळसोट, तेल चोपडल्यासारखी चकचकीत. उदाजीरावांनी देठ मोडला आणि ती कराकरा चावून संपवली. हाय नाही की हुय नाही. वर म्हणाले, "बरी आहे. आमच्याकडे दात येणाऱ्या पोरांना चघळायला होईल."

पंगत हसली. राजा हसला नाही.

हात धुतल्या धुतल्या त्याने शिदोजी माळ्याला बोलावलं. "उद्या दुपारी व्याही जेवून निघणार. त्या पंगतीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. मिरची माझ्याच बागेतली हवी, वीतभर लांब हवी आणि तिला मिरं, सुंठ, मोहरी असलं काही लावायचं नाही. जमलं नाही, तर तुझं बिऱ्हाड राज्याबाहेर."

शिदोजीने हात जोडले. "महाराज, आपलाच हुकूम होता. परगावचे व्यापारी रूप बघून आणि वजनावर भाव देतात, म्हणून सगळ्यांत लांब मिरचीचंच बी धरायचं, बारकी झाडं उपटायची, पाटाचं पाणी तोडायचं नाही. इतकी वर्षं तेच केलं. मिरची वाढली, तिखटपणा मागे राहिला. वांग्याची चव गेली, कोथिंबिरीचा वास गेला."

"मला मिरची हवी, कारणं नकोत."

शिदोजीची मुलगी गोजरा मुदपाकखान्यात पाट्यावर वाटण वाटायची. ती दारातच उभी होती. पदर सावरून पुढे आली. "महाराज, एक विचारू? बागेतली म्हणजे वाफ्यातलीच का?"

"बागेच्या भिंतीत जे उगवेल ते सगळं माझ्या बागेतलं. पण तू कोण?"

"मी वाटणारी. मिरची बिघडल्याचं माझ्या हातांना आधी कळलं. पूर्वी वाटण झालं की हातांची आग आग व्हायची. आता वाटता वाटता खुशाल डोळे चोळते."

"एवढं कळतं तर तूच घाल व्याह्यांना मिरची."

"घालते," गोजरा म्हणाली.

बाहेर आल्यावर शिदोजी कपाळाला हात लावून म्हणाला, "पोरी, काय बोलून बसलीस?"

"आबा, बिऱ्हाड तर तसंही चाललंच होतं. निदान हातपाय हलवून जाऊ."

दोघं बागेत गेली. एकेका वाफ्यातली मिरची तोडून जिभेला लावली. सगळीकडे गवताची चव. ऊन उतरलं तेव्हा शिदोजी भिंतीच्या सावलीत मटकन बसला. गोजरा मात्र वर बघत होती. एक बुलबुल सारखा भिंतीच्या माथ्यावर जाऊन बसत होता. तिथे दगडांच्या फटीत गुडघाभर उंचीचं एक रोप होतं. पाणी नाही, खत नाही, माती मूठभर. पण त्यावर आभाळाकडे तोंड करून बोटाच्या पेराएवढ्या लालभडक लवंगी मिरच्या लागल्या होत्या.

"ते उपटायचं राहिलं," शिदोजी ओशाळून म्हणाला. "पाखरांनी पेरलेलं. शिडी पुरली नाही."

गोजराने खडा मारून एक मिरची पाडली आणि तिचं टोक चावलं. तिला उचकी लागली, नाक वाहू लागलं आणि ती रडत रडतच हसायला लागली.

"आबा, शिडीला शिडी बांधा."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. उदाजीरावांच्या ताटात तीच वीतभर, चकचकीत मिरची आली. तव्यावर जराशी परतलेली, एवढाच फरक. ते राजाकडे बघून हसले. "आज काकडी भाजलीत वाटतं?" आणि त्यांनी अर्धी मिरची एकदम तोंडात टाकली.

दोनदा चावली. तिसऱ्यांदा जबडा हललाच नाही. कान लाल झाले, मिशा थरथरल्या. त्यांनी पाणी मागितलं, मग ताक, मग दही, मग गूळ. शेवटी आपला जरीचा शेला नाकाला लावून ते घळाघळा रडू लागले.

राजाला राहवेना. त्याने आपल्या ताटातल्या मिरचीचा लचका तोडला आणि तोही पाण्याच्या तांब्याकडे झेपावला. जीभ जागेवर आल्यावर त्याने उरलेली मिरची उलटून पाहिली. तिला उभी चीर होती. आत ठेचा ठासून भरला होता.

"हे कपट आहे! तू वरून काहीतरी घातलंस," तो गोजरावर ओरडला.

"वरून नाही महाराज, आतून. मिरचीत मिरचीच आहे. आतली तुमच्या भिंतीतली, बाहेरची तुमच्या वाफ्यातली. लांबी वीतभर आहे, हवी तर मोजून घ्या. आणि व्याह्यांच्या डोळ्यांना पाणी आहे."

राजा जरा वरमून म्हणाला, "म्हणजे तिखट ती भिंतीवरची. मग मी इतकी वर्षं वाढवली ती मिरची कशाच्या कामाची?"

"पिशवी म्हणून फार उत्तम आहे, महाराज."

आधी उदाजीरावच हसले, शेला तोंडात कोंबून. मग राजालाही हसू फुटलं आणि सगळी पंगत खो खो हसू लागली. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. "आणखी काय हवं ते माग."

"अर्धी बाग द्या. तिथे मिरचीला, वांग्याला, कोथिंबिरीला आबा सांगतील तेवढंच पाणी. आणि बी कुठलं धरायचं ते आम्ही खाऊन ठरवू."

"दिली. पण व्यापाऱ्यांना काय सांगू? त्यांना तर ही लांबच मिरची लागते."

"मग त्यांना तीच विका की, महाराज," गोजरा म्हणाली. "ते कुठे खातात?"

राजा पुन्हा असा हसला की त्याला ठसका लागला, आणि उदाजीरावांना आपला ताकाचा वाडगा त्याच्यापुढे सरकवावा लागला.