मोरेश्वरांचा ‘ऋ’

“तुमच्याकडे बाबांच्या हातचा एक ‘ऋ’ असेल का हो, अण्णा?”

बंद पडलेल्या छापखान्यात जनूअण्णा शिशाच्या अक्षर-खिळ्यांवरची धूळ पुसत बसले होते. निरंजनच्या बाबांना, मोरेश्वरांना, खिळे जुळवायला त्यांनीच शिकवलं होतं.

निरंजन पुण्यात संगणकावर अक्षरं घडवायचा आणि त्याचा त्याला भलता तोरा होता. त्याने लॅपटॉप पुढे सरकवला.

“बाबांच्या अक्षराचा टाइपफेस केलाय. अकरा पत्रं होती. त्यांत ‘ऋ’ तेवढा कुठे नाही.”

“हं... त्या अक्षरात काही वाचून पाहिलंस?”

निरंजनचा तोरा जरा उतरला.

“त्यांचं शेवटचं पत्र टाइप करून पाहिलं. पण बाबा... येत नाहीत त्यात.”

अण्णांनी एक खण ओढला. “हे काय?”

“फाँट. एका मापाचे, एका जाडीचे खिळे. बारा पॉइंट, साधा.”

“आणि हा?”

“टाइपफेस तोच, फाँट दुसरा. अठरा पॉइंट, ठळक. अण्णा, हे मी कॉलेजात शिकवतो!”

“मग टाइपफेस कुठल्या खणात?”

“तो खणात नसतो. तो म्हणजे वळण. सगळ्या खणांतून जो एकच चेहरा दिसतो, तो...”

बाबांची इतकी आठवण त्याला त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.

“शोधाल ना, अण्णा? एखादी चिठ्ठी, काहीही.”

“शोधतो. पत्ता लिहून ठेव.”

अण्णांनी प्रुफाचा एक कपटा आणि पेन्सिल दिली. निरंजनने कित्येक वर्षांत हाताने ओळभर लिहिलं नव्हतं. ओशाळून, मान खाली घालून त्याने आपलं नाव लिहिलं आणि खाली पत्ता: ऋतुगंध सोसायटी, बाणेर. बाबा गेल्यावर घेतलेलं घर.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ‘ऋ’वर त्यांचं बोट थांबलं... मग त्याच्या वळणावरून सावकाश फिरलं.

“लागत नाही का अक्षर? वाचून दाखवू?”

अण्णांनी त्याला हातानेच गप्प केलं. त्यांचे डोळे भरले होते. मोरेश्वर ज्या स्टुलावर बसून काम करायचे, ते अजून तिथेच होतं. अण्णांनी तो कागद त्यावर ठेवला.

“ये मोरू... बस. फार वाट बघायला लावलीस रे.”