निंबाखालची जागा

आपल्यासारखी खुळी बाई शोधून सापडायची नाही, हे शोभनाताई स्वतःच सांगायच्या. गावच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा हर्षल, चेंडू भलतीकडे फेकतो म्हणून त्यांनी त्याला महिनाभर डिंकाचे लाडू खाऊ घातले. चेंडू अजूनही भलतीकडेच जायचा, फक्त जास्त जोरात.

रविवारचा सामना हरला की संघ स्पर्धेबाहेर, आणि शोभनाताईंच्या लेकाचं संघातलं हे शेवटचं वर्ष. मैदानाच्या कडेला चर्चा पेटली. कोणी म्हणालं, नाशिकहून पिचर आणा. कोणी म्हणालं, आपला शाकीर तडवी काय वाईट आहे, त्याला बसवून का ठेवलाय?

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष भंगाळेसाहेब आले. हर्षल त्यांचा सख्खा पुतण्या.

"हर्षलसारखा नेम जिल्ह्यात नाही," ते म्हणाले. "कोणाला शंका असेल तर समोर येऊन बोला."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. शोभनाताई उठल्या.

"शंका नाही साहेब, एकच विचारते. पोरं बॅट घेऊन उभी राहतात, त्यांच्या मागे निंबाची गार सावली आहे. मग तुमची नवी गाडी रोज मैदानाच्या पार त्या टोकाला उन्हात का असते?"

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं, पुतण्याकडे मात्र पाहिलं नाही.

"रविवारी शाकीर टाकेल," ते म्हणाले.

शोभनाताईंना राहवलं नाही. "मग रविवारी गाडी निंबाखाली ना?"

"आधी तुमची स्कूटी लावा," साहेब म्हणाले. "मी बघून ठरवतो."