शेवटची तीन अक्षरं

फायली एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मच्छीमारांच्या एका सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये हिराजी तांडेलांच्या आवाजाची फाईल राहत होती. खाडीत बुडालेले खडक नेमके कुठे आहेत, ते त्यांनी मरण्याआधी तिच्यात सांगून ठेवलं होतं. तिचं नाव लांबलचक होतं आणि शेवटी टिंब देऊन 'mp3' लिहिलेलं होतं.

एके दिवशी तिथे नावं आखूड करणारी कात्री आली. "विसाव्या अक्षरापुढचं सगळं कापणार," ती म्हणाली.

"कात्रीबाई, मधलं हवं तेवढं कापा," फाईल म्हणाली, "पण शेवटची तीन अक्षरं राहू द्या. त्यांच्यावरूनच मशीनला कळतं, की मी आवाज आहे."

"तुला सवलत दिली की सगळ्याच मागतील," म्हणत कात्रीने ती तीन अक्षरंही उडवली.

पुढे हिराजींचा मुलगा काशिनाथ वडिलांचं सांगणं ऐकायला आला. मशीनला ती फाईल उघडता येईना. "बिघडलेली दिसतेय," म्हणत कारकुनाने ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी काशिनाथची होडी खडकावर फुटली. तो पोहत परतला, त्याचा धाकटा भाऊ परतला नाही.

सोसायटीच्या सभेत आधी दुखवट्याचा ठराव झाला. मग नावं नीटनेटकी केल्याबद्दल कात्रीच्या अभिनंदनाचा झाला.